शेफील्डचं ‘अँड अदर स्टोरीज’: वर्गणी भरावी की सुटी पुस्तकं घ्यावीत?

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ या कन्नड कथांच्या इंग्रजी अनुवादाला २० मे २०२५ रोजी लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये इंटरनॅशनल बुकर मिळालं. त्यानंतर लेखिकेचं हासन, तिची वकिली, कन्नडमधली बंडाय ही विद्रोही साहित्य चळवळ, अनुवादक दीपा भास्ती यांचं मडिकेरी, या सगळ्यावर आपल्याकडे लिहून आलं. पुस्तक काढणाऱ्या संस्थेकडे मात्र फारसं कुणी वळून पाहिलं नाही. भारतात हे पुस्तक पेंग्विनच्या शिक्क्याने मिळतं, त्यामुळे ब्रिटिश आवृत्ती काढणाऱ्या ‘अँड अदर स्टोरीज’चं नाव इथल्या वाचकापर्यंत पोचतच नाही. इंग्लंडच्या उत्तरेला शेफील्डमध्ये बसून काम करणारी ही छोटी प्रकाशन संस्था आहे. बुकरच्या शर्यतीत हे पुस्तक उतरू शकलं ते तिने ते ब्रिटनमध्ये काढलं म्हणून. ते कसं, हे पुढे येईलच.

निकाल आधीच सांगून टाकू. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि वर्षाला चार-सहा अनोळखी लेखक घरी येऊ द्यायची तयारी असेल, तर वर्गणी भरावी. भारतात असाल तर सुटी पुस्तकं घ्यावीत, तीही निवडून. अनुवादक असाल तर या संस्थेची निदान पाच पुस्तकं वाचल्याशिवाय तिला काहीही पाठवू नये.

संस्थेची सुरुवात २००९ची. पोर्तुगीज आणि जर्मनमधून अनुवाद करणारे स्टीफन टॉबलर यांना चांगली पुस्तकं इंग्रजीत येत नाहीत हे कामातूनच दिसत होतं. पहिली चार पुस्तकं २०११मध्ये निघाली. मेक्सिकोचे हुआन पाब्लो व्हिलालोबोस, अर्जेंटिनाचे इओसी हाविलिओ, जर्मनीचे क्लेमेन्स मेयर आणि इंग्रजीतच लिहिणाऱ्या डेबोरा लेव्ही असे ते चार लेखक. लेव्हींची ‘स्विमिंग होम’ ही कादंबरी मोठ्या प्रकाशकांनी आधी नाकारलेली होती. ती २०१२च्या मॅन बुकरच्या अंतिम यादीत गेली. संस्था ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ म्हणून नोंदलेली आहे. समाजहिताच्या कामासाठी ब्रिटनमध्ये असलेला हा कंपनीचा प्रकार, आणि तिची मालमत्ता त्या कामालाच बांधलेली असते. शिवाय आर्ट्स कौन्सिल इंग्लंडचं सार्वजनिक अनुदान आहे.

पुस्तकविक्री आणि अनुदान यांच्या जोडीला तिसरा पाय वर्गणीचा, आणि खरी गंमत तिथे आहे. वर्षाला दोन, चार किंवा सहा पुस्तकं अशा पायऱ्या. पुस्तकं दुकानात येण्याआधी वर्गणीदाराकडे पोचतात, पहिल्या आवृत्तीची प्रत मिळते, आणि पुस्तकाच्या शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची नावं छापली जातात. बरीच वर्षं दर २० पौंडांत दोन, ३५ पौंडांत चार आणि ५० पौंडांत सहा असा होता. आजचा दर आणि परदेशी टपालाचा आकार संस्थेच्या साइटवर पाहूनच पैसे भरावेत.

मराठी वाचकाला यात नवल वाटायचं कारण नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ग्रंथांच्या शेवटी आश्रयदात्यांच्या आणि वर्गणीदारांच्या याद्या असत. प्रकाशनपूर्व सवलतीत पैसे आधी भरून ग्रंथ घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. १९७४मध्ये मुंबईत दिनकर गांगल आणि मित्रांनी ‘ग्रंथाली’ सुरू केली तीच मुळी वाचक चळवळ म्हणून, आणि १९७८चं दया पवारांचं ‘बलुतं’, १९८०चं लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ ही पुस्तकं तिथून आली. आपले पैसे आधी टाकणारा वाचक पाठीशी असला की प्रकाशक कोणती पुस्तकं हाती घेतो, याचा दाखला आपल्याकडे आहे. शेफील्डवाल्यांनी हे आपल्यापासून घेतलं असं नव्हे. गणितच तसं आहे.

ते गणित मांडून पाहू, कारण त्याशिवाय वर्गणीची किंमत कळत नाही. आकडे ढोबळ आहेत, ब्रिटनमधल्या कुठल्याही छोट्या प्रकाशकाला लागू पडतील असे. समजा पुस्तकाची छापील किंमत १२ पौंड आणि आवृत्ती २,००० प्रतींची. दुकानदाराची सूट ४५ टक्के धरली तर ५ पौंड ४० पेन्स गेले. उरलेल्या ६ पौंड ६०मधून वितरण आणि विक्री प्रतिनिधी मिळून साधारण सव्वा पौंड घेतात. छपाई एवढ्या छोट्या आवृत्तीला प्रतीमागे पावणेदोनच्या आसपास. लेखकाची रॉयल्टी छापील किमतीच्या साडेसात टक्क्यांनी ९० पेन्स. प्रकाशकाकडे राहिले प्रतीमागे पावणेतीन पौंडांच्या आत-बाहेर. सगळ्या २,००० प्रती खपल्या तरी साडेपाच हजार पौंड. आता अनुवाद. ब्रिटनमध्ये साहित्याच्या अनुवादाला १,००० शब्दांमागे १०० पौंडांच्या जवळपास दर मागितला जातो, म्हणजे ५०,००० शब्दांच्या कादंबरीला ५,००० पौंड. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, समीक्षकांना पाठवायच्या प्रती, भाडं आणि पगार यांना शिल्लक किती? पाचशे पौंड. तेही एकही प्रत परत आली नाही तर.

आणि प्रती परत येतातच. तिथली पुस्तकविक्री न खपलेला माल परत घेण्याच्या अटीवर चालते. दुकान मार्चमध्ये उचललेल्या शंभर पुस्तकांतली तीस सप्टेंबरात परत पाठवू शकतं. मधल्या काळात प्रकाशकाने ते पैसे आले असं समजून पुढच्या पुस्तकाचा कागद घेतलेला असतो. छोटे प्रकाशक बुडतात ते बहुधा याच खिंडीत. वाईट पुस्तकांमुळे कमी, रोकड अडकल्यामुळे जास्त. वितरकच बुडाला तर विचारायलाच नको. अमेरिकेतल्या ‘स्मॉल प्रेस डिस्ट्रिब्यूशन’ने मार्च २०२४मध्ये अचानक दारं बंद केली तेव्हा शेकडो छोट्या प्रकाशकांचा माल आणि येणं दोन्ही एकदम लटकलं.

वर्गणीदाराचं पुस्तक या सगळ्या वळणातून जात नाही. दोनाला २० पौंड या जुन्या दराने एका प्रतीचे १० पौंड आले. छपाई, रॉयल्टी आणि दोनेक पौंडांचं टपाल वजा केलं तरी सव्वापाच पौंड उरतात, दुकानातून मिळतात त्याच्या जवळजवळ दुप्पट. परतीचा प्रश्न नाही. पैसे छपाईच्या आधी हातात. किती प्रती नक्की जाणार हे माहीत असल्यामुळे आवृत्तीचा आकडाही अंदाजपंचे ठरत नाही. म्हणून वर्गणीला ‘सवलतीची योजना’ म्हणून मोजू नये. पुस्तकाच्या दुकानात किंवा ऑनलाइन सेलमध्ये तीच प्रत कधीमधी याहून स्वस्त मिळेल. वर्गणीत तुम्ही संस्थेच्या निवडीवर पैसे लावत असता. कोणती पुस्तकं येणार हे तिच्या वर्षाच्या वेळापत्रकावर ठरतं. ज्याला प्रत्येक पुस्तक आधी चाळून घ्यायची सवय आहे त्याने या वाटेला जाऊ नये.

अनुवादाचा खर्च भागतो तो बऱ्याचदा अनुदानातून. ‘इंग्लिश पेन’ या लेखकांच्या संघटनेची ‘पेन ट्रान्सलेट्स’ ही योजना २०१२पासून आहे. अर्ज प्रकाशकाने करायचा असतो, अनुवादकाने नाही. अनुवादाच्या खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते, आणि उलाढाल लहान असलेल्या प्रकाशकाला सगळाच खर्च मिळू शकतो. बानू मुश्ताक यांच्या पुस्तकालाही हे अनुदान होतं. तरीही कोणतं पुस्तक घ्यायचं हा निर्णय अनुदानाच्या आधी घ्यावा लागतो, आणि त्यासाठी संस्थेने एक चांगली सोय केलेली आहे. ती भाषावार वाचकगट चालवते. इंग्रजीत न आलेली स्पॅनिश, पोर्तुगीज, जर्मन पुस्तकं त्या भाषा येणारे लोक मुळातून वाचतात, चर्चा करतात, मत कळवतात. संपादकाला स्वतःला न येणाऱ्या भाषेतलं पुस्तक घ्यायचं तर दुसऱ्या कुणाच्या तरी डोळ्यांवर भरवसा ठेवावा लागतो. एका एजंटच्या गोड शब्दांपेक्षा पाच-सात वाचकांचं वेगवेगळं मत केव्हाही बरं.

याच पद्धतीमुळे यादीचा तोल मात्र एका बाजूला झुकला आहे. गटात ज्या भाषांचे वाचक जास्त त्या भाषांची पुस्तकं जास्त. मेक्सिको, अर्जेंटिना, चिली, ब्राझील, कॅटलोनिया हे प्रदेश या यादीत ठळक दिसतात. दक्षिण आशिया त्यामानाने अगदी पुसट. ‘हार्ट लॅम्प’ने तो पुसटपणा लगेच भरून निघाला असं समजण्यात अर्थ नाही.

पुस्तकं म्हणून पुस्तकं कशी आहेत? अलीकडच्या मालिकेची मुखपृष्ठं ब्राझीलच्या एलिसा फॉन रँडो यांच्या आखणीतली, अक्षरांवर उभी असलेली, चित्राविना. कपाटात ओळीने लावली की देखणी दिसतात. दुकानाच्या टेबलावर मात्र दुरून एकमेकांसारखी वाटतात, आणि संस्था ओळखीची नसलेला वाचक हात पुढे करेलच असं नाही. अनुवादकाचं नाव ठळक असतं, ही या संस्थेची जुनी आणि योग्य खोड.

‘हार्ट लॅम्प’पासून सुरुवात केली तर मराठी वाचकाला सोपं जाईल. बारा कथा, १९९० ते २०२३ या काळातल्या, भास्ती यांनी लेखिकेच्या सहा संग्रहांतून निवडलेल्या. कर्नाटकातल्या मुस्लिम घरांतल्या बायका, मशिदीचे मुतवल्ली म्हणजे कारभारी, माहेर-सासर, पोटगी, दुसरं लग्न. भास्ती यांनी कन्नड, उर्दू, अरबी शब्द तिरप्या टायपात टाकलेले नाहीत, तळटीपा नाहीत, शेवटी शब्दार्थांची यादीही नाही. यामागची भूमिका त्यांनी पुस्तकातल्या टिपणात मांडली आहे. इंग्रज वाचक जिथे अडखळेल तिथे आपण सहज पुढे जातो, कारण त्यातले कितीतरी शब्द सोलापूर-सांगलीकडच्या घरांतही चालतात. ‘रेड लुंगी’ ही सामुदायिक सुंतेवरची कथा आणि ‘द अरेबिक टीचर अँड गोबी मंचुरी’ या दोन्हींत विनोद आणि क्रौर्य इतकं लगटून चालतं की कुठे हसायचं ते कळू नये. दोष सांगायचा तर बारा कथा सलग वाचल्या की सूर तोच तोच लागतो: नवरा निर्दयी, समाज मुका, शेवटी एक आर्त हाक. मुळात या कथा वेगवेगळ्या वर्षांत, वेगवेगळ्या ठिकाणी वाचल्या गेलेल्या. एका बैठकीत दोनपेक्षा जास्त वाचू नयेत.

दुसरं पुस्तक युरी हेरेरा यांचं, लिसा डिलमन यांनी स्पॅनिशमधून आणलेलं ‘साइन्स प्रिसीडिंग द एंड ऑफ द वर्ल्ड’. शंभरेक पानांचं, भावाला शोधत मेक्सिकोची सीमा ओलांडणाऱ्या मुलीचं. अमेरिकेतलं २०१६चं ‘बेस्ट ट्रान्सलेटेड बुक अवॉर्ड’ याला मिळालं. अनुवाद करणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने हे हाताशी ठेवावं. हेरेरा यांच्या स्पॅनिशमध्ये बोलीचे आणि स्वतः घडवलेले शब्द आहेत. डिलमन यांनी त्यांना इंग्लंड-अमेरिकेतली कुठलीही तयार बोली चिकटवली नाही. इंग्रजीतच किंचित वाकडे, पण लगेच कळणारे शब्द बसवले. अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी संवाद इंग्रजीत नेताना लोक पटकन कुठल्यातरी परक्या बोलीचा आधार घेतात आणि चंदगडचा शेतकरी टेक्ससच्या गुराख्यासारखा बोलायला लागतो. ते टाळण्याची एक वाट या पुस्तकात आहे.

व्हिलालोबोस यांचं ‘डाउन द रॅबिट होल’ अजून छोटं. अमली पदार्थांच्या टोळीच्या म्होरक्याचा लहान मुलगा निवेदक आहे. एका संध्याकाळी संपतं आणि हसवतं. एवा बालतासार यांची ‘बोल्डर’ कॅटलानमधली, २०२३च्या इंटरनॅशनल बुकरच्या अंतिम यादीतली. गद्य घट्ट, थोडं दमवणारं.

आता प्रदेशाचा मुद्दा. ब्रिटिश प्रकाशन व्यवसाय लंडनमध्ये जितका एकवटलाय तितका आपला पुण्या-मुंबईतही नसेल. ‘अँड अदर स्टोरीज’ आधी लंडनजवळच्या हाय विकममध्ये होती. २०१७मध्ये ती शेफील्डला गेली आणि उत्तर इंग्लंडमधल्या लेखकांसाठी ‘नॉर्दर्न बुक प्राइझ’ सुरू केलं. पहिलं बक्षीस २०१८मध्ये एमी आर्नल्ड यांच्या ‘स्लिप ऑफ अ फिश’ला. ही कादंबरी पुढच्या वर्षी गोल्डस्मिथ्स पारितोषिकाच्या अंतिम यादीत गेली. मँचेस्टरची कॉमा प्रेस, लीड्सची कॅरिबियन साहित्यासाठी १९८५पासून उभी असलेली पीपल ट्री आणि अँड अदर स्टोरीज अशा उत्तरेतल्या संस्थांनी ‘नॉर्दर्न फिक्शन अलायन्स’ नावाची मोट बांधली. परदेशी पुस्तक मेळ्यांत एकट्याने जागा घेणं ज्यांना परवडत नाही त्यांनी मिळून जायचं, हा साधा हिशेब. श्रीरामपूर, छत्रपती संभाजीनगर, कोल्हापूर, पणजीचे प्रकाशक साहित्य संमेलनात शेजारी शेजारी स्टॉल लावतात; फ्रँकफर्टला मिळून एक टेबल घ्यायला काय हरकत आहे?

२०१८मध्ये संस्थेने वर्षभर फक्त स्त्रियांची पुस्तकं काढली. कादंबरीकार कमिला शम्सी यांनी २०१५मध्ये सगळ्याच प्रकाशकांना हे आवाहन केलं होतं. ते पुरतं पाळणारी ही एकटीच निघाली. त्या वर्षाच्या तयारीत संपादकांकडे स्त्रियांची पुस्तकं शिफारशीतूनच कमी येतात हे उघड झालं, असं या खटाटोपाचं खरं फळ म्हणता येईल. बाकी घोषणा म्हणून ती जरा चकचकीतच होती.

या प्रकारच्या संस्थेची एक दुखरी नस आहे आणि ती वर्गणीदाराने ओळखून असावं. नवा लेखक शोधायची जोखीम छोट्याची, पीक निघालं की खळं मोठ्याच्या वाड्यात. ‘स्विमिंग होम’ बुकरच्या यादीत गेल्यावर मागणी एवढी वाढली की मोठी आवृत्ती फेबर या मोठ्या प्रकाशकाच्या साथीने काढावी लागली, आणि लेव्हींची पुढची कादंबरी ‘हॉट मिल्क’ २०१६मध्ये पेंग्विनच्या हॅमिश हॅमिल्टनकडून आली. यात लेखकाचा दोष नाही, जास्त आगाऊ रक्कम कुणालाही हवी असते. पण यातून वाचकासाठी एक सोय निघते. या संस्थेच्या यादीतल्या लेखकाचं पहिलं किंवा दुसरं पुस्तक चांगलं वाटलं, तर त्याची पुढची पुस्तकं मोठ्या प्रकाशकाकडे आणि भारतात सहज मिळतील अशा आवृत्तीत सापडण्याची शक्यता असते.

भारतातून खरेदीचं एवढंच: पुस्तकाची भारतीय आवृत्ती आहे का ते आधी बघा. ‘हार्ट लॅम्प’ची आहे. असेल तर शेफील्डहून मागवण्यात फायदा नाही. टपालखर्च पुस्तकाच्या किमतीच्या घरात जातो. भारतीय आवृत्ती नसलेली पुस्तकं दोन-तीन जणांनी मिळून एकदम मागवावीत, किंवा ब्रिटनहून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेची सोय बघावी. पातळ पेपरबॅक आहेत, चार पुस्तकं किलोभराच्या आत-बाहेर बसतात.

राहिला मराठी लेखक-अनुवादकांचा प्रश्न. इंटरनॅशनल बुकरला ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेलंच पुस्तक चालतं. २०२५च्या पारितोषिकासाठी १ मे २०२४ ते ३० एप्रिल २०२५ हा काळ होता. ‘हार्ट लॅम्प’ची ब्रिटिश आवृत्ती एप्रिल २०२५मध्ये निघाली, म्हणजे दार बंद व्हायच्या तोंडावर. गीतांजली श्री यांचा ‘टूम ऑफ सँड’ हा डेझी रॉकवेलकृत अनुवाद टिल्टेड ॲक्सिस या तिथल्याच छोट्या प्रेसने काढला आणि २०२२मध्ये तो जिंकला. पेरुमाळ मुरुगन यांचं ‘पायर’ २०२३च्या लांब यादीत होतं, प्रकाशक पुश्किन प्रेस. हिंदी, तमिळ, कन्नड, तिन्ही भाषा छोट्या ब्रिटिश प्रकाशकाच्या दारातून आत गेल्या. २०१६पासून हे पारितोषिक दरवर्षी एका पुस्तकाला मिळायला लागलं. तेव्हापासून २०२५पर्यंतच्या याद्यांत मराठी पुस्तक नाही. मराठीतून इंग्रजीत काही होत नाही असं नव्हे. ‘बलुतं’चा जेरी पिंटो यांनी केलेला अनुवाद २०१५मध्ये दिल्लीच्या स्पीकिंग टायगरने काढला, मूळ पुस्तकानंतर ३७ वर्षांनी. पण भारतापुरती निघालेली आवृत्ती, ती कितीही उत्तम असली तरी, या पारितोषिकाच्या उंबऱ्यापाशीच थांबते.

छोट्या ब्रिटिश प्रेसकडे जाताना पहिली अडचण येते ती हक्कांची. इथे मराठी पुस्तकं हमखास अडकतात. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात. बा. सी. मर्ढेकर १९५६मध्ये गेले, म्हणून २०१७पासून त्यांचं लेखन मोकळं झालं. नंतर गेलेल्यांच्या बाबतीत सगळ्या वारसांची लेखी संमती लागते, आणि एक भाऊ अमेरिकेत, एक बहीण नाशिकला अशी स्थिती असेल तर त्यालाच सहा महिने जातात. मूळ मराठी प्रकाशकाचा करार जरूर बघावा. १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या हक्क हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरताच धरतो. म्हणजे ‘सर्व हक्क प्रकाशकाधीन’ एवढं पुस्तकाच्या आत छापलेलं असलं तरी ब्रिटनमधल्या इंग्रजी अनुवादाचा हक्क बहुधा लेखकाकडेच असतो. दुरुस्तीआधीच्या करारांना हे कलम लागू नाही. तिथे मूळ कागद वकिलाला दाखवावा. ही कागदं हातात नसताना पाठवलेला अनुवाद कितीही चांगला असला तरी संपादक पुढे सरकत नाही. वर्षभर काम करून शेवटी ‘हक्क कुणाकडे आहेत’ यावर घोडं अडणं त्याला परवडत नाही.

मग नमुना. ३,००० ते ५,००० शब्दांचा, पुस्तकाच्या सुरुवातीचा. मधलं गाजलेलं प्रकरण देण्याचा मोह आवरावा. संपादकाला पुस्तक पहिल्या पानावर पकड घेतं का तेच बघायचं असतं. सोबत पान-दीड पानाचा गोषवारा, शेवटासकट. शेवट लपवून ‘पुढे काय होतं ते वाचाच’ असं लिहिलेले गोषवारे मराठीतून फार जातात आणि लगेच बाजूला पडतात. लेखकाची ओळख आठ-दहा ओळींत. साहित्य अकादमी सोडली तर पारितोषिकांची लांबलचक यादी तिथे कुणाला उलगडत नाही. त्याऐवजी पुस्तकाच्या किती आवृत्त्या निघाल्या, कुठल्या भाषांत गेलं, नाटक-सिनेमा झाला का, हे लिहावं. नमुन्यासाठी पैसे मिळवायचे तर इंग्लिश पेनचीच ‘पेन प्रेझेंट्स’ ही योजना आहे. तिथे अर्ज अनुवादक स्वतः करतो, आणि तिची पहिली फेरी भारतीय भाषांसाठीच होती.

वेळेचा अंदाज मागून पुढे धरावा. पुस्तक ३० एप्रिलच्या आत ब्रिटनमध्ये दुकानात हवं असेल तर समीक्षकांच्या आणि दुकानदारांच्या आगाऊ प्रती आदल्या नोव्हेंबर-डिसेंबरात तयार लागतात. त्याआधी चार-पाच महिने संपादन आणि अक्षरजुळणी. त्याआधी अनुवादाला नऊ महिने ते वर्ष. त्याआधी अनुदानाचा अर्ज आणि करार. म्हणजे हक्कांची कागदं आणि नमुना त्या एप्रिलच्या किमान अडीच वर्षं आधी संपादकाच्या टेबलावर हवेत.